आवाजाचे खेळ आणि ऐकणारे यंत्र

(इयत्ता चौथी व पाचवी : भाषा आणि सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ. तासिका तीन.)

प्रास्ताविक

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदीची खाडी आणि दक्षिणेस त्या नदीचे मुख, अशी त्याची रचना आहे. अशा गावातील मुलास आवाजाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. लाटांची गाज चालू असता होडीतील माणसास हाक मारावयाची, तर शब्दातील कोणता स्वर लांबवावा हे ते लहानपणीच शिकते. रापण ओढताना सर्वांचा जोर एकाच क्षणी दोरास लागावा लागतो, आणि ते काम एकमेकांस दिलेल्या सादेवाचून नीट होत नाही. जत्रेच्या वेळी देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते. एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्यासरशी सारा जमाव ‘व्हय महाराजा’ म्हणून त्यास दुजोरा देतो. दशावतारी नाटकात तर लिहिलेली संहिताच नसते. पात्रे रंगमंचावर उभी राहून आपले संवाद ऐन वेळी रचतात व रात्रभर श्रोत्यांस बसवून ठेवतात. सारांश, शब्दाच्या अंगी काम करून घेण्याची शक्ती असते हा अनुभव येथील मुलांच्या परिचयाचा आहे.

आता या अनुभवात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. तोंडाने उच्चारलेल्या शब्दांवर चालणारे संगणकीय खेळ निघाले आहेत. २०२५ साली निघालेल्या ‘मेज अरीना’ या खेळात खेळणारे जादूगार होतात. ध्वनिग्राहकासमोर ‘फायरबॉल’ असा शब्द उच्चारला की पडद्यावरील जादूगाराच्या हातून अग्नीचा गोळा सुटतो. शब्द अस्पष्ट झाला तर गोळा सुटत नाही आणि प्रतिपक्षाचे फावते. ही कल्पना अगदी नवी नव्हे. १९९८ साली जपानमध्ये निघालेल्या एका खेळात पिकाचू नावाच्या काल्पनिक प्राण्यास बोलून आज्ञा द्यावयाच्या असत. २०१५ साली निघालेल्या ‘इन व्हर्बिस व्हर्टस’ या इटालियन खेळात मंत्रच म्हणावे लागत, व ते एका कल्पित भाषेतील होते.

असे खेळ गावातील प्रत्येक मुलाने पाहिले असतील असे नाही. तथापि मोबाइलला बोलून प्रश्न विचारणारी मुले आता खेड्यातही आढळतात, आणि ‘त्याला माझे बोलणे कळत नाही’ अशी तक्रारही ती करतात. या साध्या तक्रारीत भाषाशिक्षणाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. प्रस्तुत पाठाची योजना त्यासाठीच केली आहे. या पाठास संगणक अथवा मोबाइल यांची आवश्यकता नाही.

पाठाचे हेतू

१. आवाज कसा उत्पन्न होतो, हे मुलांस स्वतःच्या शरीरावरून समजावून देणे.
२. जवळजवळच्या ध्वनींतील भेद ऐकण्याची व उच्चारण्याची सवय लावणे.
३. बोलणे ओळखणारे यंत्र काय करते व काय करू शकत नाही, याची स्थूल कल्पना देणे.
४. घरची बोली व शाळेतील प्रमाण मराठी यांचे नाते आदराने समजावून देणे.
५. खेळातील मंत्र आणि व्यवहारातील उपाय यांतील भेद स्पष्ट करणे.

साहित्य

फळा, खडू, पाट्या, सेकंदकाटा असलेले घड्याळ व जाड कागदाच्या दहा शब्दपट्ट्या.

पहिली तासिका : दम आणि ध्वनी

पाठाचा आरंभ हुतूतूपासून करावा. या खेळात चढाई करणाऱ्या गड्याचे बळ पायांत असते तसेच ते त्याच्या दमातही असते. प्रतिपक्षाच्या अंगणात असताना त्याचा शब्द सुटला की तो बाद होतो. म्हणजे आवाजावर चालणारा खेळ आपल्या मुलांना नवा नाही. हाच खेळ पुढे कबड्डी या नावाने सर्वत्र प्रसिद्ध झाला. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याचे प्रात्यक्षिक दाखविले, आणि १९९० साली बीजिंग येथील आशियाई स्पर्धांत त्याचा समावेश झाला. एवढी माहिती सांगून प्रयोगाकडे वळावे.

दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने दीर्घ श्वास घेऊन एका दमात ‘हुतूतू’ म्हणावे. दुसऱ्याने सेकंद मोजून पाटीवर लिहावेत. तीन वेळा मोजून सरासरी काढावी. त्यायोगे गणिताचाही अभ्यास होतो. नंतर विचारावे : ‘दम संपल्यावर शब्द का थांबला?’ बाहेर पडणारा श्वास हेच आवाजाचे इंधन आहे, हे उत्तर मुलेच देतील.

पुढे मुलांस गळ्यावर हलकेच बोटे ठेवावयास सांगावे. ‘म्’ लांबवून म्हटला असता बोटांना कंप जाणवतो. ‘स्’ लांबवून म्हटला असता जाणवत नाही. पहिल्या ध्वनीत स्वरतंतू कंप पावतात, दुसऱ्यात ते स्वस्थ राहतात व केवळ वाऱ्याचे घर्षण ऐकू येते. आता नाक चिमटीत धरून ‘म्’ लांबवावयास सांगावे. तो लांबविता येत नाही, हे पाहून वर्गात हशा पिकेल; तो पिकू द्यावा. नाकावाटे वायू जाणे हे या ध्वनीस आवश्यक आहे, ही गोष्ट पुस्तकातील वाक्यापेक्षा या हशाने अधिक लक्षात राहते.

मोठ्या माणसाचा व मुलाचा आवाज वेगळा का, हा प्रश्न ओघाने येईल. मुलांचे स्वरतंतू आखूड असतात व घशापासून ओठांपर्यंतचा मार्गही लहान असतो; त्यामुळे त्यांचा आवाज उंच पट्टीत लागतो. लहान बासरी व मोठी बासरी यांच्या उदाहरणाने हे समजावून देता येईल.

दुसरी तासिका : यंत्र कसे ऐकते

येथे शिक्षकाने एक गोष्ट सांगावी. १९२० च्या दशकात परदेशात ‘रेडिओ रेक्स’ नावाचे एक खेळणे विकले जाई. छोट्याशा घरात सेल्युलॉइडचा एक कुत्रा बसविलेला असे. कोणी ‘रेक्स’ अशी हाक मारली की तो टुणकन बाहेर येई. वस्तुतः त्या कुत्र्यास आपले नाव मुळीच कळत नसे. ‘रेक्स’ या शब्दातील ‘ए’ स्वरात, पुरुषाच्या आवाजात, सेकंदाला सुमारे ५०० कंपनांच्या जवळपास विशेष जोर असतो. तेवढा जोर पोहोचला की आतील स्प्रिंग सुटे, एवढीच त्याची विद्या. बायकांच्या व मुलांच्या आवाजात हा जोर अधिक उंच कंपनांवर असतो. खेळणे मुलांचे आणि त्याची जुळणी मात्र मोठ्या पुरुषाच्या आवाजाशी, हा त्यातील विरोधाभास मुलांच्या लगेच ध्यानात येईल. या गोष्टीचा उपयोग पुढे होणार आहे.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगावी. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शून्य ते नऊ हे अंक ओळखणारे यंत्र तयार झाले. पण ते ज्या माणसाच्या आवाजाशी जुळविलेले असे त्याचेच अंक ते चांगले ओळखी. १९६२ साली सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात आयबीएम कंपनीने सोळा शब्द ओळखणारे यंत्र मांडले. आजची यंत्रे अनेक भाषांतील लक्षावधी शब्द ओळखतात.

आजचे यंत्र काय करते, ते पुढील चार पायऱ्यांनी फळ्यावर लिहावे.

१. ध्वनिग्राहक हवेतील कंपनांचे विजेच्या कंपनांत रूपांतर करतो.
२. यंत्र या कंपनांचे मोजमाप घेते. बोलणे ओळखण्यासाठी सामान्यतः एका सेकंदात १६,००० वेळा मोजमाप घेतात.
३. मोजमापांचे बारीक तुकडे पाडतात. एक तुकडा सुमारे २५ सहस्रांश सेकंदाचा असतो. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनांना किती जोर आहे, हे पाहतात.
४. पूर्वी अनेक माणसांच्या बोलण्यावरून यंत्रास जे नमुने शिकविलेले असतात, त्यांच्याशी ही ओळ ताडून सर्वांत जवळचा शब्द निवडतात.

चौथ्या पायरीवर विशेष भर द्यावा. ज्यांच्या बोलण्याचे नमुने यंत्राने पुष्कळ ऐकले आहेत, त्यांचे बोलणे ते चांगले ओळखते. ज्यांचे थोडे ऐकले आहेत, त्यांच्या बाबतीत ते चुकते. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांची यंत्रे तपासली गेली. श्वेतवर्णीय माणसांच्या बोलण्यात ती शंभर शब्दांमागे सरासरीने १९ चुका करीत होती, तर कृष्णवर्णीय माणसांच्या बोलण्यात ३५. भाषा दोघांचीही इंग्रजीच होती. बोलण्याची धाटणी तेवढी निराळी. हे उदाहरण मुलांस सांगावे की नाही, ते शिक्षकाने वर्ग पाहून ठरवावे. परंतु शिक्षकाने स्वतः ते अवश्य ध्यानात ठेवावे.

तिसरी तासिका : ‘ऐकणारे यंत्र’ हा खेळ

पहिली फेरी. एका मुलास ‘यंत्र’ करून वर्गाकडे पाठ करून उभे करावे, म्हणजे त्यास ओठ दिसणार नाहीत. दहा शब्दपट्ट्यांवर पुढील पाच जोड्या लिहाव्यात : पळ व फळ, दार व धार, ताट व थाट, मन व मण, काल व काळ. प्रत्येक शब्दासाठी एक कृती आधी ठरवून घ्यावी. ‘पळ’ म्हटल्यास यंत्राने जागच्या जागी पळावे, ‘फळ’ म्हटल्यास आंबा चोखल्याचा अभिनय करावा. ‘दार’ म्हटल्यास दार उघडावे, ‘धार’ म्हटल्यास गाईची धार काढावी. ‘मन’ म्हटल्यास छातीवर हात ठेवावा, ‘मण’ म्हटल्यास जड ओझे उचलावे. उरलेल्या कृती मुलांनीच सुचवाव्यात. बाकीच्या मुलांनी पाळीपाळीने एकेक पट्टी घेऊन शब्दरूपी ‘मंत्र’ टाकावा. हवी ती कृती घडली तर बोलणारा व यंत्र दोघांनाही एकेक गुण द्यावा. गुण दोघांना मिळतो, म्हणून बोलणारा स्पष्ट बोलतो व ऐकणारा लक्ष देऊन ऐकतो.

फेरी संपल्यावर ‘जग’ हा शब्द फळ्यावर लिहून मुलांस वाचावयास सांगावे. ‘पृथ्वी’ या अर्थी त्याचा ज तालव्य असतो व ‘जिवंत राहा’ या अर्थी तो दंततालव्य असतो. लिहिताना एक अक्षर व बोलताना दोन ध्वनी, हे वैशिष्ट्य मुलांनी स्वतःच्या जिभेवर अनुभवावे.

दुसरी फेरी. आता यंत्राच्या मुलास सूचना द्यावी की, पाठ्यपुस्तकातील भाषेखेरीज त्यास काहीही कळत नाही. पुढील आज्ञा मुलांनी द्याव्यात : ‘थय बस’, ‘माका पाटी दी’, ‘खडू खय आसा?’ प्रत्येक वेळी यंत्राने ‘समजले नाही’ एवढेच म्हणावे. चार-पाच वेळा असे झाल्यावर खेळ थांबवून शिक्षकाने विचारावे : ‘यात चूक कोणाची?’

बहुतेक वर्गांत पहिले उत्तर ‘बोलणाऱ्याची’ असे येईल. ते खोडून न काढता पुढील प्रश्न विचारावेत. हेच वाक्य घरी आजीस सांगितले तर तिला कळेल का? मग बोलण्यात उणीव आहे, की ऐकणाऱ्याच्या शिक्षणात? रेक्स कुत्रा मुलांच्या हाकेस आला नाही, तेव्हा मुलांचा आवाज चुकीचा होता का? येथवर आल्यावर उत्तर मुलेच दुरुस्त करतील.

तिसरी फेरी. फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातील शब्द : माका – मला, खय – कोठे, थय – तेथे, व्हय – होय, झील – मुलगा, चेडू – मुलगी, इलो – आला. मुलांनी भर घालावी. हा तक्ता म्हणजे यंत्रास दिलेले शिक्षण. तो तयार झाल्यावर दुसऱ्या फेरीतील आज्ञा पुन्हा द्याव्यात. या वेळी यंत्राने त्या पाळाव्यात. शेवटी उलट क्रम घ्यावा : शिक्षकाने प्रमाण मराठीत वाक्य सांगावे व मुलांनी ते मालवणीत सांगावे.

तात्पर्य आणि शिक्षकाची भूमिका

या पाठातून निघणारा नियम असा : ऐकणारा जेवढे शिकला असेल, तेवढेच तो ओळखतो. यंत्रास हा नियम लागू आहे, तसाच तो माणसांसही लागू आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी मूल घरची भाषा घेऊन येते. त्या भाषेत ते भांडते, हिशेब करते, वाऱ्याचा रोख सांगते, माशांची नावे ओळखते. वर्गात त्याने ‘माका’ म्हटले आणि त्यास हसले गेले, तर ते ‘मला’ म्हणावयास शिकेलच असे नाही; पण गप्प बसावयास ते खचित शिकेल. पुढे प्रश्नाचे उत्तर येत असूनही त्याचा हात वर होत नाही, आणि शिक्षकाची समजूत होते की मूल मंद आहे. वर्गातील ‘समजले नाही’ ची किंमत खेळातील एका गुणाइतकी लहान नसते.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये असा नव्हे. अर्ज लिहिणे, वर्तमानपत्र वाचणे, परीक्षा देणे, परगावी नोकरीस जाणे यांसाठी ती आलीच पाहिजे. तिच्यावाचून मुलाची वाट अडेल. परंतु एक शिकण्यासाठी दुसरी टाकावी लागत नाही. खाडीत पाग टाकणारा मनुष्य समुद्रावर रापण ओढावयासही जातो. जाळे कोणते घ्यावयाचे ते पाण्यावरून ठरते, आणि एका जाळ्यासाठी दुसरे कोणी जाळीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा अथवा स्थानिक भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. म्हणून चुकीची दुरुस्ती करताना ‘असे बोलू नये’ याऐवजी ‘घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात’ असे सांगण्याचा प्रघात ठेवावा.

मंत्र आणि उपाय

खेळातील ‘मंत्रा’विषयी एक गोष्ट स्पष्ट करणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. खेळात शब्दाने अग्नी पेटतो, तो कोणीतरी यंत्रास तसे सांगून ठेविले आहे म्हणून. गाऱ्हाण्याने गाव एकत्र येतो, दशावतारातील शब्दाने श्रोता रडतो व हसतो. तेथेही ऐकणारा मनुष्य असतो. परंतु विषास कान नसतात. सापाने दंश केला असता मंत्राने ते उतरत नाही, आणि मंत्र म्हणण्यात गेलेला वेळ रोग्याच्या जिवावर बेततो. साप, कुत्रा वा विंचू चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये गुन्हा आहे. दंश झालेल्यास धीर द्यावा, तो भाग हलू देऊ नये, जखम कापू अथवा चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून जेथे प्रतिसर्पविष मिळते अशा रुग्णालयात त्यास त्वरित न्यावे. हे पाच मुद्दे मुलांकडून तोंडी म्हणवून घ्यावेत. या शब्दांनी मात्र खरोखर प्राण वाचू शकतो.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

१. दम्याचा विकार असलेल्या अथवा अशक्त मुलास दम धरावयास लावू नये. त्यास वेळ मोजण्याचे काम द्यावे.
२. अडखळत बोलणाऱ्या मुलास घाई करू नये व त्याचे वाक्य दुसऱ्याने पुरे करू नये. खेळात त्याच्या शब्दासाठी वेळेची मर्यादा ठेवू नये.
३. एखादे मूल पहिल्या फेरीत वारंवार चुकीचे ऐकत असेल तर त्यास दुर्लक्षी ठरवू नये. त्याचे कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून शाळेत होणाऱ्या तपासणीत त्याचे नाव आवर्जून सांगावे. ऐकू कमी येणे लवकर ध्यानात आले तर मुलाचे शिक्षण वाचते.
४. मोबाइलवरील खेळात बोललेला आवाज पुष्कळदा दूरच्या संगणकांकडे जातो, व काही खेळांत अनोळखी माणसेही मुलांशी बोलतात. नाव, गाव, शाळा, पालकांचा दूरध्वनी क्रमांक अशा खेळात सांगू नयेत, हे मुलांस व पालकसभेत पालकांस सांगावे. मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक असल्याची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात आहे. शाळेनेही पालकांच्या संमतीवाचून मुलांचे आवाज ध्वनिमुद्रित करू नयेत.
५. शिक्षकाने स्वतःचा घसाही जपावा. समुद्राच्या वाऱ्यात ओरडून शिकविण्यापेक्षा मुलांस जवळ बसवून शिकविणे दोघांच्याही हिताचे आहे.

स्वाध्याय व उपक्रम

१. ‘म्’ व ‘स्’ यांप्रमाणे गळ्यास कंप जाणवणारे व न जाणवणारे आणखी तीन-तीन ध्वनी शोधा.
२. एकाच ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलतो अशा शब्दांच्या पाच नव्या जोड्या लिहा.
३. रेडिओ रेक्स मुलांच्या हाकेस का येत नसे, ते चार वाक्यांत सांगा.
४. घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून जाळी, होडी, वारा व मासे यांविषयीचे वीस मालवणी शब्द मिळवा आणि त्यांचे अर्थ प्रमाण मराठीत लिहा. सर्व मुलांचे शब्द एकत्र करून शाळेचा शब्दसंग्रह तयार करावा. तो शाळेत जपून ठेवावा व दर वर्षी नव्या मुलांनी त्यात भर घालावी. नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाने वर्गावर जाण्यापूर्वी तो एकदा वाचून घ्यावा.